दोनशे छत्तीस दाणे

मुखेडच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी चौदा वर्षांपासून भौतिकशास्त्र शिकवते. त्यातली तेरा वर्षं मी एक गोष्ट चुकीची शिकवली. ही चूक कुठल्या तपासणीत सापडली नाही की कुठल्या प्रशिक्षणात कुणी दाखवून दिली नाही. ती माझ्या वडिलांनी पकडली. ते दहावी नापास आहेत.

बाबा वीज मंडळात लाइनमन होते. आमच्या वस्तीतली ती पहिली सरकारी नोकरी. आधी हिमायतनगर, मग काही वर्षं शिरूर अनंतपाळ, आणि शेवटी मुखेड तालुक्यातली खेडी. माझं लहानपण त्यांच्या बदल्यांच्या मागे मागे गेलं. लाइन बंद आहे असं कुणीही सांगितलं, अगदी साहेबांनी फोनवर सांगितलं, तरी बाबा स्वतः तपासल्याशिवाय तारेला हात लावत नसत. त्यांच्यासोबतची दोन माणसं दुसऱ्याच्या शब्दावर खांबावर चढली होती आणि खाली आली ती वेगळ्याच रीतीनं. बाबा ते फारसं बोलत नाहीत. पण घरातला साधा बल्ब बदलायचा असला तरी मेन स्विच पाडून, वर टेस्टर लावून बघतात. आई म्हणते, "या माणसाचा देवावर नाही, टेस्टरवर विश्वास हाय."

निवृत्तीनंतर दोघं माझ्याकडे राहायला आले. माझे यजमान नांदेडला नोकरीला, ते शनिवारी येतात. त्यामुळे बाबांना बोलायला माणूस म्हणजे मी, आणि मी कॉलेजातून आले की दमलेली. तरी रविवारची दुपार त्यांची असते.

अशाच एका रविवारी मी ओसरीत बसून बारावीचं पुस्तक चाळत होते. शेवटचा मोठा धडा राहिला होता, अणू आणि केंद्रकांचा. आमच्याकडे पुस्तक इंग्रजीत आणि समजावणं मराठीत, हे बारावी विज्ञानाच्या सगळ्याच वर्गांत चालतं. बाबा सुपारी कातरत होते.

"काय वाचून राहिलीस, बाई?"

"अणुऊर्जा. उद्या शिकवायचीय."

"ती वीज आपल्या लाइनीत येती का?"

"येत असणार. सगळी एकाच जाळ्यात पडते की."

"पडती ते म्हाईत हाय मला. तयार कशी हुती ते सांग."

मी सांगितलं. युरेनियमचं केंद्रक फार मोठं असतं, आधीच कसंबसं टिकून असलेलं. त्याच्यात एक न्यूट्रॉन शिरला की ते थरथरतं, ताणलं जातं आणि दुभंगतं. दोन तुकडे प्रचंड वेगानं एकमेकांपासून दूर फेकले जातात, आजूबाजूच्या अणूंना धडकतात, आणि त्या धडकाधडकीनं इंधन तापतं. त्या उष्णतेवर पाण्याची वाफ करायची, वाफेवर टर्बाइन फिरवायचं, टर्बाइनवर जनित्र.

बाबांनी अडकित्ता खाली ठेवला.

"म्हंजी पाणीच तापवायचं?"

"हो."

"परळीला कोळशानं तापवतेत तसंच?"

"पुढचं सगळं तसंच."

ते इतके हसले की सुपारी सांडली. "येवढ्यासाठी अणू फोडला व्हय! मला वाटलं, अणूतून सरळ तारंतच येत आसंल."

मला जरा राग आला. मी म्हटलं, हसू नका, कोळशाचा एक अणू जळतो तेव्हा जेवढी ऊर्जा मिळते, त्याच्या काही कोटी पट एक युरेनियमचं केंद्रक फुटताना मिळते. बाबांनी परळीला कोळशाच्या मालगाड्या रिकाम्या होताना पाहिल्या होत्या. ते हसायचे थांबले.

"मग येवढी ताकद येती कुठनं?"

याचं उत्तर मला झोपेतही देता आलं असतं. मी तेरा वर्षं म्हणत आलेलं वाक्य म्हटलं, "फुटताना काही कण नष्ट होतात आणि त्यांचं ऊर्जेत रूपांतर होतं."

"किती कण?"

"थोडे."

"थोडे म्हंजी किती? एक, का दोन, का पाच?"

"तसं पुस्तकात दिलेलं नाही, बाबा."

"मग मोजू की."

ते उठले आणि स्वयंपाकघरातून दोन डबे घेऊन आले. हरभरे म्हणजे प्रोटॉन, सोयाबीन म्हणजे न्यूट्रॉन. ओसरीत वर्तमानपत्र अंथरलं. मी पुस्तकातलं समीकरण वाचायचं आणि त्यांनी दाणे मांडायचे असं ठरलं. युरेनियमचे ब्याण्णव प्रोटॉन, ब्याण्णव हरभरे. त्याचे एकशे त्रेचाळीस न्यूट्रॉन आणि बाहेरून आलेला एक, म्हणून एकशे चव्वेचाळीस सोयाबीन. सगळे मिळून दोनशे छत्तीस दाणे. बाबा दहा-दहाची रास करून मोजत होते, खांबांचा हिशोब लिहायचे तसे, तोंडानं पुटपुटत.

"आता फोड," ते म्हणाले.

एक तुकडा बेरियमचा: छप्पन्न हरभरे, पंचाऐंशी सोयाबीन. दुसरा क्रिप्टॉनचा: छत्तीस हरभरे, छप्पन्न सोयाबीन. आणि तीन सोयाबीन मोकळे, बाजूला.

वर्तमानपत्रावर एकही दाणा उरला नाही. एकही कमी पडला नाही.

"सगळे हजर हायेत," बाबा म्हणाले. "कोण नष्ट झालं?"

मी पुन्हा मोजायला लावलं. मग मी स्वतः मोजलं. माझ्या मोजणीत एक हरभरा कमी भरला तेव्हा मला क्षणभर आशा वाटली, पण तो घरंगळून चपलेखाली गेला होता; त्याला धरून हिशोब जुळला. दोनशे छत्तीस आत, दोनशे छत्तीस बाहेर.

आई दारात येऊन उभी राहिली. "वो माय! आता हे निवडायचं कुणी?" मग स्वतःच म्हणाली, "राहू द्या. भिजवून उसळ करते दोन्हीची."

ती उसळ चांगली झाली होती. मला मात्र घास गिळताना तेच वाक्य आठवत होतं. मी हे किती मुलांना सांगितलं असेल? दर वर्षी एक वर्ग. गणितं सगळी बरोबर यायची, कारण सूत्र बरोबर होतं. आधीचं वस्तुमान वजा नंतरचं वस्तुमान, गुणिले प्रकाशाच्या वेगाचा वर्ग. वस्तुमान खरोखरच घटतं, सुमारे हजारात एक भाग. ते मी हजार वेळा सोडवून दाखवलं होतं. पण सगळे कण जागच्या जागी असताना घटतं काय, हे मी स्वतःला कधी विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वर्गावर गेले आणि धडा सुरू न करता आधीच्या धड्याची गणितं सोडवून घेतली. आठवडाभर तेच केलं. मुलींना वाटलं, मॅडम परीक्षेसाठी सराव घेतायत.

पुढच्या रविवारी सकाळच्या एसटीनं मी लातूरला गेले. जांब, शिरूर ताजबंद, अहमदपूर. रस्ता चढतो, उतरतो, पुन्हा चढतो. बी.एस्सी.ला मला भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या मॅडम आता निवृत्त होऊन लातुरातच राहतात. त्या मूळच्या उदगीरकडच्या. दार उघडताच कानडीत "ऊट आयिता?" असं विचारतात, म्हणजे जेवलीस का. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. वॉकर धरून त्यांनी स्वतः दार उघडलं.

मी पाणीसुद्धा न पिता सगळं सांगितलं. हरभरे, सोयाबीन, उसळ. त्या पोट धरून हसल्या. मग हसता हसता गंभीर झाल्या.

"मी तुम्हाला हे कसं शिकवलं होतं गं?"

"आठवत नाही, मॅडम."

"मला आठवतं. सूत्र फळ्यावर लिहिलं आणि पुढे गेले. तो धडा दर वर्षी मार्चमध्ये यायचा, पोर्शन उरकायची घाई असायची. मी शिकवलंच नाही ते."

त्यांनी मला टेबलावरची पाटी आणायला सांगितली. घरात नातवंडांची पाटी होती. तिच्यावर त्यांनी एक दरी काढली. डावीकडून उभा उतार, मध्ये तळ, आणि उजवीकडे लांबवर हळूहळू वर जाणारा चढ.

"तू आत्ता बसनं घाट चढ-उतार करत आलीस ना? तसंच आहे. डाव्या टोकाला हायड्रोजन, सगळ्यात हलका. उजव्या टोकाला युरेनियम. तळाशी लोखंड. प्रत्येक केंद्रकाला खाली यायचंय. आणि खाली येताना ऊर्जा बाहेर पडते. डावीकडचे जुळून खाली येतात, उजवीकडचे फुटून खाली येतात."

मी कित्येक वर्षं पाठ केलेली दोन प्रकरणं, विखंडन आणि संमीलन, त्या पाटीवर एकाच चित्रात होती. तुटल्यावरही ऊर्जा आणि जुळल्यावरही ऊर्जा, हे दोन्ही कसं खरं असेल, हा प्रश्न कधी तरी एका मुलीनं विचारला होता. मी तिला म्हटलं होतं, दोन्ही लक्षात ठेव, दोन्हीवर प्रश्न येतात.

"पण मॅडम, वजन?"

"तेच सांगते. तू वजन म्हणजे दाण्यांची बेरीज समजतेस. केंद्रकाचं वजन नुसतं दाण्यांचं नसतं, ते दाणे एकमेकांना किती घट्ट धरून बसलेत यावरही असतं. जितके घट्ट, तितकी त्यांच्याकडची ऊर्जा कमी, कारण बसताना त्यांनी ती बाहेर देऊन टाकली. आणि ऊर्जा गेली की तिच्यासोबत तिचं वजनही जातं. दाणा एकही जात नाही. तुझे बाबा बरोबर मोजत होते."

मग मी विचारलं की तळाला लोखंडच का. मॅडमनी पाटी मांडीवर ठेवली.

"केंद्रकात दोन बळं असतात. एक धरून ठेवणारं. ते फार दांडगं, पण त्याचा हात शेजाऱ्यापर्यंतच पोचतो. दुसरं प्रोटॉनांना एकमेकांपासून ढकलणारं. ते मऊ, पण सगळ्यांपर्यंत पोचतं. शाळेच्या मैदानावर पोरं उभी आहेत असं समज. हात शेजारच्याचाच धरता येतो, पण ओरडणं सगळ्यांना ऐकू जातं. पोरं थोडी असली तर हात धरायला अजून कुणी आलं की बरंच वाटतं. म्हणून लहान केंद्रकांना जुळण्यात फायदा. पोरं फार झाली की हात तेवढेच, पण कलकलाट वाढत जातो. म्हणून मोठ्यांना फुटण्यात फायदा. लोखंडाच्या आसपास दोन्ही जमतं."

मी विचारलं, मग डावीकडचा उतार एवढा उभा असताना आपण हायड्रोजनच का जुळवत नाही? त्यांनी डाव्या काठावर एक छोटा उंचवटा काढला.

"काठावर बांध आहे. प्रोटॉन एकमेकांना जवळच येऊ देत नाहीत. आधी बांध ओलांडायला लावायचं, मग ते उतारानं घरंगळणार. त्यासाठी कोट्यवधी अंश तापमान लागतं, आणि इतकं तापलेलं काहीही कुठल्या भांड्यात ठेवता येत नाही. चुंबकानं अधांतरी धरायचा प्रयत्न करतात, लेझरनं दाबून बघतात. जुळवून दाखवलंय लोकांनी, पण त्यावर गावातला दिवा अजून लागलेला नाही. युरेनियमला मात्र एका न्यूट्रॉनचा धक्का पुरतो."

जेवायला बसल्यावर त्यांनी अजून एक गोष्ट सांगितली, तिच्यावर माझा विश्वास बसला नाही. सूर्याच्या अगदी गाभ्यातला एक घनमीटर भाग घेतला, तर त्यात दर सेकंदाला तयार होणारी उष्णता मुरत असलेल्या उकिरड्याच्या एक घनमीटर ढिगाइतकीच असते. सूर्य तेजस्वी आहे तो त्याच्या आकारामुळे. त्याच्या पोटात प्रोटॉन फार क्वचित जुळतात, म्हणूनच तो इतका काळ पुरला. मी तिथेच मोबाइलवर आकडे काढून, ताटाशेजारी बसून गुणाकार केला. बरोबर होतं. मॅडम म्हणाल्या, "बघ, आता तूही दाणे मोजायला लागलीस."

परतीच्या बसमध्ये खिडकीजवळ जागा मिळाली. दोन्ही बाजूंना हरभऱ्याची काढणी चालली होती. खूप दिवसांनी मला धडा शिकवायची घाई झाली होती, लहान मुलाला शाळेत काही दाखवायचं असतं तशी.

घरी आधी बाबांना सांगितलं. पाटी नव्हती, म्हणून चुलीपुढच्या राखेत काडीनं दरी काढली. बाबा उकिडवे बसून बघत होते. हात धरणं आणि ओरडणं त्यांना लगेच पटलं.

"मग कोळसा जळतो तवाबी वजन घटत आसंल," ते म्हणाले.

मी मनात मांडून पाहिलं. कोळसा जळतो म्हणजे कार्बन आणि ऑक्सिजन एकमेकांना घट्ट धरतात, आणि धरताना उष्णता बाहेर देतात. बाहेर गेलेल्या उष्णतेचं वजन आतून कमी व्हायलाच हवं. हा नियम काही केंद्रकापुरताच नाही.

"घटतं, बाबा. पण इतकं कमी, की कुठल्याच काट्यावर दिसत नाही."

"दिसत न्हाई म्हणून घटत न्हाई, असं न्हाई नव्हं?"

"नाही."

"हाव. मग बरोबर हाय." त्यांनी मान हलवली, एखाद्या नवख्या लाइनमनचं काम पास केल्यासारखी.

त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशीही त्यांनी मला सोडलं नाही. एक फुटल्यावर तीन न्यूट्रॉन सुटतात, ते अजून तिघांना फोडतात, मग सगळंच भडकत कसं नाही? मी सांगितलं की मध्ये न्यूट्रॉन गिळणाऱ्या छड्या सोडतात. हव्या तेवढ्या आत, हव्या तेवढ्या बाहेर. न्यूट्रॉनचा वेगही जड पाण्यातून नेऊन मुद्दाम कमी करतात, कारण हळू चालणारा न्यूट्रॉन जास्त फोडतो. हे त्यांना उलटं वाटलं.

"जोरात मारल्यावर जास्त फुटाय पायजे की."

"फोडायला मार लागत नाही, बाबा. केंद्रकानं त्याला धरावं लागतं. जोरात गेला तर धरताच येत नाही."

थोडा विचार करून ते म्हणाले, "फाट्यावर न थांबणाऱ्या एसटीवानी. बस जोरात गेली तर माणूस चढंल कसं?"

मी ते वाक्य वहीत लिहून घेतलं. त्यांनी फुटलेल्या तुकड्यांबद्दलही विचारलं, आणि तेव्हा मला सांगावं लागलं की ते तुकडे पुढे वर्षानुवर्षं किरणं सोडत राहतात, काही तर पिढ्यान् पिढ्या, आणि ते राखावे लागतात. "म्हंजी काम संपत न्हाई," बाबा म्हणाले. एवढंच.

मंगळवारी मी वर्गात गेले. बेचाळीस मुलं होती, त्यात मुली जास्त. फळ्यावर तारीख लिहिली आणि मागे वळले. म्हटलं, आज धडा सुरू करायच्या आधी एक सांगायचंय. मी तेरा वर्षं या धड्यात एक गोष्ट चुकीची शिकवली. तुमच्या ताया-दादांना चुकीची शिकवली. तुम्ही वाचलात, कारण मागच्या आठवड्यात माझ्या वडिलांनी हरभरे मोजले.

मग पहिल्या बाकावरच्या मुलीनं हात वर केला. जांबहून रोज एसटीनं येणारी, कमी बोलणारी मुलगी.

"मॅडम, मग परीक्षेत काय लिहायचं?"

सगळे हसले, मीही हसले आणि माझं ओझं उतरलं. म्हटलं, खरं तेच लिहायचं, मार्कही त्याचेच आहेत.

मला वाटलं होतं की विषय इथे संपेल. पण बसस्थानकाजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात माझ्या नोट्सची मूळ प्रत असते. दर वर्षी मुलं तिथून काढून घेतात. मी नवं पान लिहून नेलं आणि जुनं काढून घेतलं. दुकानदार म्हणाला, "मॅडम, एका पानासाठी चकरा मारणारं पहिलंच माणूस बघून राहिलो." मग माजी विद्यार्थ्यांचे जे दोन-तीन गट माझ्या मोबाइलवर आहेत, त्यांवर मी चूक आणि दुरुस्ती लिहून टाकली. बहुतेकांनी अंगठे टाकले. कुणी हात जोडले. एकानं लिहिलं, मॅडम, आम्ही तर सूत्र पण विसरलो.

संध्याकाळी एक फोन आला. माझ्या पहिल्या वर्षीच्या तुकडीतली मुलगी. आता हिमायतनगरकडे जनावरांची डॉक्टर आहे.

"मॅडम, मला तेव्हाच शंका आली होती," ती म्हणाली. "मी वहीत दोन्ही बाजूंची बेरीज केली होती. जुळत होती. मला वाटलं, माझंच काही तरी चुकलं."

"मग विचारलं का नाहीस?"

"तुम्ही फार खात्रीनं बोलत होता, मॅडम."

ती हे तक्रार म्हणून बोलली नाही. पुढे तिनं तिच्या म्हशींचं सांगितलं, लहान मुलाचं सांगितलं, आईबाबांची चौकशी केली. पण फोन ठेवल्यावर मी बराच वेळ अंगणात उभी होते. सतरा वर्षांच्या मुलीनं केलेली बेरीज बरोबर होती, आणि माझ्या आवाजामुळे तिनं ती खोडली. चूक शिकवण्यापेक्षा मला हे जास्त लागलं. बाबांना सांगितलं, तर ते म्हणाले, "आता फोन केला नव्हं तिनं? मग झालं."

त्यानंतर मी वर्गात एक सवय लावून घेतली. काहीही समजावलं की गप्प बसते. पहिल्या पहिल्यांदा ते जड जायचं, मुलंही बावरायची. आता त्यांना कळलंय की मॅडम गप्प झाल्या की काही तरी विचारायचं असतं. निम्मे प्रश्न टवाळीचे असतात. चालतं.

त्या वर्षी धडा संपवताना मी बाबांना वर्गात नेलं. ते इस्त्रीचा सदरा घालून आले आणि दारात चपला काढू लागले. मुलींनी त्यांना अडवलं. आम्ही बाक जोडून मधोमध चादर अंथरली, मुलांचे पाच गट केले, प्रत्येक गटाला दाणे दिले. बाबा गटागटातून फिरत होते. कुणी न मोजता मूठभर हरभरे सरकवले की म्हणत, "अंदाजानं न्हाई. मोजा." मग मी हेलियमचं समीकरण दिलं: चार प्रोटॉन, आणि त्यातून दोन प्रोटॉन, दोन न्यूट्रॉन. इथे दोन हरभऱ्यांचे सोयाबीन होतात, पण दाणे चारचे चारच राहतात. आणि वजन हजारातले सात भाग कमी. विखंडनापेक्षा कितीतरी जास्त. एका मुलानं विचारलं, "आजोबा, सूर्य म्हणजे मग काय जळतंय?" बाबा माझ्याकडे बघून म्हणाले, "जळत न्हाई बाबा ते. जुळून राहिलंय." तो तास संपल्यावर मुलं त्यांना "सर" म्हणून हाका मारत होती, आणि ते घरी येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. घरी आल्यावर आईला तीनदा सांगितलं.

यंदाच्या तुकडीला मी आठवड्यापूर्वी दरी काढून दाखवली आणि गप्प बसले. तिसऱ्या बाकावरच्या एका मुलीचा प्रश्न आला. जुळणं लोखंडापाशी थांबत असेल, तर त्याच्या पुढचं आलं कुठून? सोनं, शिसं, युरेनियम? कुणी तरी चढावर नेऊन ठेवलं असणार ना?

मला अर्धवट माहीत होतं. मी म्हटलं, "मला नीट माहीत नाही. दोन दिवसांनी बोलू. तुम्हीही शोधा."

दोन दिवसांनी त्या मुलीनं दोन पानं लिहून आणली होती. मोठे तारे शेवटी फुटतात, त्या स्फोटाच्या ऊर्जेवर काही जड मूलद्रव्यं चढाकडे ढकलली जातात. आणि विझलेल्या ताऱ्यांचे अतिशय दाट गोळे एकमेकांवर आदळले की त्यातून सोन्यासारखी अजून बरीच. तिनं छान वाचलं. शेवटी तिनं लिहिलं होतं की आपला सूर्यही पुढे सोनं तयार करील. तिच्या मागची मुलगी लगेच उठली. "नाही करणार. तो तेवढा मोठाच नाही. त्याला लोखंडापर्यंतसुद्धा जाता येणार नाही."

"तुला कसं माहीत?"

"मी पण वाचलंय."

पहिली म्हणाली दाखव, दुसरी वही काढू लागली, मागचे बाक पुढे सरकले. मी खुर्ची ओढून बाजूला बसले. घंटा झाली तरी दोघींचं चालूच होतं. पुढचा तास मराठीचा होता. त्या मॅडमना दारात पाच मिनिटं थांबावं लागलं.